गरम पाण्याची आंघोळ आणि घरफाळ्यातली सूट

...न्हाय, आज बी गारच! आंघोळ हो! हे बघा, काटा आलाय अंगावर... अन् लोक म्हणत्यात, "भाऊसो, तुमचं काय बाबा, तुमच्या छपरावर सोलर हाय!" हाय की! हाय म्हणून तर ही दशा! आता बसलाच हायसा तर तुमास्नी सांगतो, अन् आधीच सांगून ठेवतो, सरकारचं काय चुकलंय का? न्हाय!

मी एस.टी.त कंडक्टर. तीस वर्षं गडहिंग्लजची पहाटेची गाडी. साडेपाचला सुटायची, मग त्याआधी उठून बंब कोण पेटवतंय? भसाभसा गार पाणी वतून घ्यायचं अन् डेपोकडं पळायचं. मनात एकच, रिटायर झालो की रोज कढत पाण्यानं, निवांत, पाठ शेकत आंघोळ करायची. बंगला न्हाय, मोटार न्हाय, नुस्ती आंघोळ! लई मोठं मागणं झालं का हे?

दोन हजार सातला रिटायर झालो. लोडशेडिंगचा जमाना, सगळीकडं वीज वाचवा, वीज वाचवा! एक दिस घरफाळ्याच्या, म्हंजे घरपट्टीच्या, ऑफिसातनं सायब आलं. "काका, सोलर बसवा. कर्ज कमी व्याजानं मिळेल, वर घरफाळ्यात सूट. पण घरात बंब दिसता कामा नये. बंब दिसला की सूट गेली!" सरकारचं काय चुकलंय का? न्हाय! ऊन फुकट पडत असताना लाकडं कशाला जाळायची? बसवला सोलर. अन् तांब्याचा बंब, सासऱ्यानं लग्नात दिलेला, शेजारच्या मीरासाबला देऊन टाकला. आमची मंडळी, सरुबाई, दोन दिस मीरासाबकडं जाऊन बंब पुसून येत हुती.

भर उन्हाळा. पहिल्या दिवशी नळ सोडला... वाफ! आहाहा! तीस वर्षांची थंडी उतरली बघा. अन् तिथंच मी माती खाल्ली. टावेल गुंडाळून भाईर आलो अन् मीरासाबला हाळी दिली, "अरं, फुकटचं कढत पाणी हाय, ये की आंघोळीला!"

आता कोल्हापुरात ये म्हटल्यावर माणूस एकटा येतोय व्हय? मीरासाब आला, फातिमा वैनी पोरींस्नी घेऊन आल्या, त्यांचा नईम तालमीतनं आला... नईम तरी एकटा? संगं सात पैलवान! मातीनं माखलेले! एकेक गडी म्हंजे चार बादल्या! गडहिंग्लजचं पावणं दवाखान्याला आलं, तर सरुबाई दारात आडवी, "आंघोळ केल्याबगार जायाचं न्हाय!" मी आपला टावेल घेऊन रांगेत उभा, अन् आतनं आवाज, "काकाऽ, गार आलं वो!"

मग आला आषाढ. आठ दिस सूर्याचं तोंड दिसलं न्हाय. त्यात सकाळी सातबी पैलवान न्हाऊन गेलेले, अन् निरोप आला, अकराला सायब तपासणीला येणार! नळाला हात लावून बघणार, पाणी गरम असलं तरच सूट. सरुबाई म्हणाली, "जाऊ द्या की ती सूट." जाऊ द्या? तीस वर्षं तपासणीत कधी सापडलो न्हाय, आता सापडू व्हय? मीरासाबच्या घरामागं परड्यात आमचाच बंब पेटवला. ओली लाकडं, धूर गल्लीभर! पैलवान जिन्यावर उभं केलं, हातोहात बादल्या वर! सोलरच्या टाकीतलं गार पाणी सोडून दिलं अन् कढत वतलं.

सायब आलं. नळाखाली हात धरला अन्... "आई गं!" भाजला की! त्यांनी वर ढग बघितलं, खाली नळ बघितला. "काका, एवढ्या आभाळात इतकं कढत? असं कुठंच पाहिलं नाही! पण मावशी का रडतायत?" सरुबाईचं डोळं लालभडक, गालाला काजळी. मी म्हटलं, "आनंदानं वो, सायब."

सूट मिळाली. पण सायबानं आमचं घर 'आदर्श' म्हणून कागदावर घातलं! आता दर सोमवारी कुणाला तरी घेऊन येत्यात. कधी कागलचं सायब, कधी गडमुडशिंगीचं सरपंच. "हात लावून बघा! ढगात बी कढत!" म्हंजे दर सोमवारी बंब, धूर, बादल्या. पूर्वी वरसाला लागत न्हवती एवढी लाकडं आता म्हैन्यात लागत्यात, वीज अन् लाकडं वाचवायला! अन् नुस्ता हात लावून पावणं परत जातंय व्हय? सरुबाई दारात हायच, "आंघोळ केल्याबगार..."

सरकारचं काय चुकलंय का? न्हाय! सायबाचं? न्हाय! आज मीरासाबला बी दया आली. टावेल बाजूला धरून म्हणाला, "भाऊसो, आज तू आधी जा की." पाय उचलला हुता बघा मी... पर मागं सरपंच उभं, त्यांच्या मागं नईम, त्याच्या मागं सात गडी. न्हाय जमलं. "तुम्ही चला फुडं," म्हटलं, "आत सरका, जागा हाय!"

काय करता? सगळी चढल्याबगार कंडक्टर कधी चढलाय का?