मामाने चाखलेली वाईन

देवरीकडं एकानं जांभळाची बाग लावून मधातच वाईनचं हॉटेल काढलं, तिथं मी चिचगडच्या मामाले घेऊन गेलो. आधी चाखून पाहा म्हणे. तिथं वाईन देणाऱ्या पोरीनं ग्लासाच्या बुडाशी घोटभर वाईन ओतली. मामानं ती सगळी चकचकीत फरशीवर सोडली.

"काका, आवडली नाही का?"

"पुरख्याईले, गेलेल्या वाडवडलाईले देल्ली. पहिला घोट त्याईचा राहते."

तिनं फरशी पुसली, दुसरी बाटली उघडली अन् तेवढीच ओतली. मामानं तीही फरशीवर सोडली.

मी म्हटलं, "मामा, आता कायले?"

"बाटली नवी हाये न."

सगळ्या बाटल्या अशाच झाल्या. शेवटी पोरीनं विचारलं, "काका, मग कोणती देऊ?"

मामा म्हणाला, "मले काऊन विचारता? एवढ्याशात त्याईचंच नाही भागून राहिलं."