उजवीकडून तिसरा

मुलगी : मिशी आहे, बाबा. भिंग धरून बघतेय मी. चांगली पिळदार आहे.

बाबा : नसणार. तीन नंबरला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आम्ही चिडवायचो त्याला, आईला विचारून आलास ना उडी मारायला, म्हणून. तू भलत्याच पानावर आहेस.

मुलगी : पान एकशे चाळीस. विमानाच्या पंखाखाली तेरा जण, पाठीवर हवाई छत्र्या बांधलेले. खाली 'उजवीकडून' असं छापलंय आणि पुढे तेरा नावं, तुम्ही सांगितलीत त्याच क्रमाने. मी उजवीकडून मोजतेय. एक, दोन, तीन. मिशीवाला, रुंद छातीचा, सगळ्यांत उंच.

बाबा : तो पैलवान. अकरा नंबर.

मुलगी : अकरा कसा असेल? तिसरा उभा आहे.

बाबा : एक नंबर बघ. त्याच्या मनगटाला पट्टी बांधलेली असेल, आदल्या दिवशी लचकलं होतं.

मुलगी : पट्टी आहे. पण ती त्या टोकाच्या माणसाला. डावीकडच्या.

बाबा : डावीकडे कशी असेल? एक नंबर उजवीकडेच. कवायतीत पहिल्या दिवशी शिकवतात, रांग उजवीकडून लागते. त्याच नंबराने जेवायचं, त्याच नंबराने झोपायचं, त्याच नंबराने विमानाच्या दारातून उडी टाकायची. साठ वर्षं झाली म्हणून काय नंबर बदलला?

मुलगी : बाबा, उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?

बाबा : कुणाच्या म्हणजे? आमच्या.

मुलगी : तुमच्या. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे होतात. तुमचा उजवा हात फोटो बघणाऱ्याला डावीकडे दिसतो.

बाबा : मी कुठे फोटो बघत होतो? मला दिसतंय काय आता? तू नावं विचारलीस आणि मी रांगेत जाऊन उभा राहिलो. तिथून सांगितली.

मुलगी : आणि मी उतरवून घेतली. कमाल आहे माझी. पूर्ण पुस्तकाचे स्वल्पविराम तीन-तीनदा तपासले. हे पानही तपासलं होतं हो. उजवीकडून मोजत गेले, सातवे तुम्ही निघालात. म्हटलं, बाबा जागेवर आहेत म्हणजे सगळे जागेवर.

बाबा : तेरातला सातवा. कुठूनही मोजलंस तरी मी मधलाच.

मुलगी : म्हणजे तुम्ही सोडून बाराच्या बारा चुकले.

बाबा : किती प्रती गेल्या बाहेर?

मुलगी : नऊ. ज्या नऊ घरांचा पत्ता लागला, त्यांना. बाकी सगळ्या या खोलीत आहेत, तुम्ही आत्ता ज्यावर पाय ठेवून बसलाय तोही गठ्ठा त्यातलाच.

बाबा : मग घाबरायचं काय? शुद्धिपत्र छापून घ्यायचं. लिही. 'उजवीकडून ऐवजी डावीकडून वाचावे.' एक ओळ. छापखान्यात फोन कर, पानाचा आकडा सांग, आजच्या आज चिठ्ठ्या काढून दे म्हणावं. इथल्या प्रतींना चिकटवू आणि नऊ घरांना पाठवू.

मुलगी : लिहिलं. आता चार वाजता तीन नंबरच्या बहीणबाई येतील, त्यांना ही ओळ वाचून दाखवू का?

बाबा : दाखवायची.

मुलगी : बाबा, सकाळी फोनवर अर्धा तास रडत होत्या. त्यांच्या घरात भावाचा एकही फोटो नाही, युद्धात घर जळालं त्यात सगळे गेले. तो निघाला तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. चेहरा म्हणून काही आठवतच नाही त्यांना. पुस्तक मिळाल्या मिळाल्या फोटोवाल्याकडे गेल्या, त्या मिशीवाल्याचा चेहरा मोठा करून घेतला, काच लावून भिंतीवर टांगला. तो तुम्हाला दाखवायला घेऊन येतायत.

बाबा : म्हणून काय दुसऱ्याचं तोंड भाऊ म्हणून ठेवायचं? त्याचं स्वतःचं तोंड आहे की त्याच पानावर. डावीकडून तिसरा. दाखव म्हणजे झालं.

मुलगी : बघितला मी.

बाबा : मग?

मुलगी : चेहरा आला नाहीये. नेमकी मान वळवलीय त्याने. एक कान दिसतो, थोडा गाल, बाकी नुसतं पुसट.

बाबा : शिट्टी.

मुलगी : काय?

बाबा : त्याचं नाव पडलं होतं शिट्टी. सदानकदा वाजवायचा. विमानावर चढलेल्या माणसाला वाजवली असणार मागे वळून. फोटोवाला ओरडला होता, हलू नका म्हणून. मला वाटलं, त्याने दुसरा काढला असेल.

मुलगी : हा एकच आहे. आता सांगा, बाईंकडून चेहरा काढून घ्यायचा आणि कान द्यायचा?

बाबा : तू मला कशाला विचारतेस?

मुलगी : मग कुणाला विचारू? चूक माझी आहे. पण तोंड तुम्हालाच उघडावं लागेल. त्या तुम्हाला भेटायला येतायत.

बाबा : हे पुस्तक मी त्या एका पानासाठी काढलं. आठवतं ना, तो प्रकाशक काय म्हणाला होता? तुमची विमानांची चित्रं झकास आहेत आजोबा, पण एवढी अनोळखी तोंडं कोण बघणार, ते पान काढा. मी म्हटलं, मग चित्रंही राहू दे, माझं मी छापतो. डोळे होते तोवर विमान काढलं, छत्रीची घडी कशी घालतात ते काढलं, नदी काढली. ती सगळी त्या पानाच्या सोबतीला. ज्याचं नाव त्याला मिळावं, एवढंच हवं होतं मला.

मुलगी : माहीत आहे, बाबा.

बाबा : तुला सगळं माहीत नाही. तिने टांगलाय तो पैलवान. पुस्तकात नाही लिहिलं मी हे. उडीचा हिरवा दिवा लागला, आम्ही दहा जण एकामागून एक गेलो, आणि अकरावा दारात अडला. दोन्ही हातांनी चौकट धरली, सुटेना. मागचे दोघे त्याच्यापायी आत राहिले आणि विमान परत फिरलं. मला नंतर त्या दोघांनी सांगितलं. मी त्याचा राग केला नाही कधी. ते दार बघितलेला कुणी करणार नाही. पण शिट्टीच्या जागी तो? तेवढा एकच मिळाला?

मुलगी : आणि शिट्टी?

बाबा : नदीत उतरला. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. छत्री भिजली की माणसाला खाली ओढते. अंधार होता. शिट्टी वाजवत होता, मी इथे आहे म्हणून. थोडा वेळ ऐकू आली.

(दाराची घंटा वाजते.)

मुलगी : आल्या.

बाबा : तो कागद उचल टेबलावरचा.

मुलगी : आत्ताच म्हणालात, दाखवायचा. या, या. सांभाळून, गठ्ठे आहेत वाटेत.

पाहुणी : असू द्या हो, पुस्तकंच आहेत, ठेच लागली तरी चालेल. हेच का दादा? उठू नका, उठू नका. तुम्हाला दादा म्हटलं तर चालेल ना? त्याच्या बरोबरीचे तुम्ही. येताना रिकाम्या हाताने आले नाही, त्यालाच घेऊन आलेय. चादरीत गुंडाळलाय, काच आहे ना. ताई, ते टोक धरा जरा. हां. दिसत नाही ना तुम्हाला दादा? हात द्या इकडे. हे कपाळ. हे इथे डोळे. आणि ही मिशी.

बाबा : हं.

पाहुणी : आई सांगायची, तो बुटकेला होता, तोंडावर नुसती लव. मी म्हटलं, आईला लेकरू लहानच वाटणार, फौजेत जाऊन भरला असेल. पण नाक बघा. हुबेहूब आईचं. माझ्या नातीचंही असंच आहे, शेजारी धरून बघितलं आम्ही. घरात सगळ्यांना पटलं. ताई, तुम्हाला काय वाटतं?

मुलगी : मी तुमच्या आईंना पाहिलेलं नाही ना.

पाहुणी : तेही खरंच. आता सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसते. बोलते काहीबाही. सून हसते. पण साठ वर्षं बोलायला समोर तोंडच नव्हतं हो.

बाबा : ताई, तुम्हाला एक सांगायचंय.

पाहुणी : मला तुम्ही-बिम्ही नको. धाकटी आहे मी त्याची. त्याला 'अरे' म्हणत असाल, तर मला 'अगं' म्हणा.

बाबा : अगं...

पाहुणी : हां. बोला ना.

बाबा : अगं, हा फोटो काढला ना, तेव्हा...

पाहुणी : तेच ऐकायला आलेय. काय करत होता तो तेव्हा?

बाबा : शिट्टी वाजवत होता.

पाहुणी : बघा. मी म्हणतच होते, ओठ असे का मिटलेत. लोकांना वाटतं मिशीमुळे. दादा, शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का? आम्हाला नुसता दोन ओळींचा कागद आला होता.

बाबा : मी होतो. पोचलो नाही त्याच्यापर्यंत. पण आवाज येत होता मला त्याचा. त्यालाही माझा येत असणार. मी हाका मारत होतो.

पाहुणी : म्हणजे एकटा नव्हता.

बाबा : नाही.

पाहुणी : बरं झालं तुम्ही सांगितलंत. आई जायच्या आधी कळायला हवं होतं. नाही, मी रडत नाहीये, ताई, पाणी नको. हा कागद कसला? 'उजवीकडून ऐवजी डावीकडून वाचावे.' चूक राहिलीय का कुठे पुस्तकात?

मुलगी : हो. माझ्या हातून. एका फोटोखाली. बाबा सांगतील तुम्हाला.

पाहुणी : एवढ्या मोठ्या पुस्तकात एखादी राहणारच की. माझी प्रत आणलीय मी, पिशवीत आहे. पेन द्या, आत्ताच दुरुस्त करून टाकू. माझं पुस्तक चुकीचं नको.

मुलगी : बाबा?

पाहुणी : कुठलं पान, दादा?

मुलगी : बाबा, त्या विचारतायत.

बाबा : तुझ्या प्रतीत नको. तुझी बरोबर आहे.

पाहुणी : नक्की ना?

बाबा : मी सांगतोय ना.

पाहुणी : मग झालं. ताई, ती चादर द्या, परत गुंडाळते त्याला. पण दादा, एक मनात राहिलंय. या फोटोत सगळे कसे छान आलेत, तुम्हीसुद्धा मधोमध, ताठ. फक्त त्या टोकाकडचा एक हललाय. उजवीकडून अकरावा. नुसता कान दिसतो बिचाऱ्याचा. मी रोज बघते आणि वाईट वाटतं, मलाच मिळाला आणि त्याच्या माणसांना मिळाला नाही. त्यांच्याकडे दुसरा एखादा फोटो असेल ना हो?

बाबा : आहे. मिळालाय त्यांना एक.