आधी आराखडा वाचा, मग नंबर

हॅलो?… कोण?… हां, आबाराव भावजी, बोला… न्हाय, घरी न्हाय, रानात हाय. ज्वारी काढायलोत… जरा मोठ्यानं बोला, वारं लई सुटलंय.

मेसेज?… थांबा, बघते. हाताला कुसं लागल्यात, फोन दबंना… हां, आलाय. सहा आकडी नंबर हाय. कशाचा म्हणायचा ह्यो?

आराखड्याचा? गावच्या हवामान आराखड्याचा?… आन् नंबर सांगितला की काय व्हतंय?… म्हंजी समितीच्या अध्यक्षानं मंजूर केला, असं. व्हय का. अध्यक्ष कोण हाय, भावजी?… म्या. मग मला दावलाच न्हाय तर म्या मंजूर कसा केला?

ऐका, ऐका… सांगते की, कुठं पळून चालले का म्या? तुमी धाराशिवला हापिसात कॉम्प्युटरपुढं बसलाव न्हवं? मग वाचा… समदा वाचायला येळ न्हाय? कामं तेवढी वाचा. पयलं काय?

शेततळी. बरं. किती?… सात. कुणाकुणाच्या रानात?… ज्याच्या नावावर सातबारा हाय त्याच्या. म्हंजी बाई एक बी न्हाय… आन् एक तुमचं असंल… व्हय, तेच इचारलं. दिराला तळं मिळालं तर मला वाईट कशाला वाटंल? पुढं वाचा.

ठिबक… बरं… सोलर पंप… बरं… आन् बायांचं काय लिवलंय?… काय?… पुन्ना म्हणा.

शिवणयंत्र!

न्हाय भावजी, हसंना म्या. हवामान बदलायलंय म्हणून आराखडा करायलाव, आन् बायास्नी शिवणयंत्र? शिवणयंत्रानं हिरीला पाणी लागतंय का?… कुणी मागितलं? एकीचं नाव सांगा… एकीचं!

खालच्या वस्तीची हीर कुठं गेली?… कुठली म्हंजी? आमी बायांनी पयल्या नंबरला लिवून दिली व्हती. खोल करायची, कठडा बांधायचा, वर पंप बसवायचा. वस्तीवरच्या चैतालीनं दोन वर्सं दर बुधवारी दोरी सोडून पाणी मोजलंय, तारखेसकट. ती वही म्या माझ्या हातानं तुमच्या हातात दिली… सापडंना? बरं झालं. तिच्या पानापानाचा फोटू चैतालीच्या मोबाईलात हाय.

प्यायचं पाणी ह्यात येत न्हाय? नळ हाय?… भावजी, नळाला आठ दिसातून एकदा पाणी येतंय, ते बी दुपारी बाराला, बाया रानात असतेत तवा. तुमाला घागर भरून मिळती म्हणून नळ दिसतोय! मे महिन्यात आमी त्या हिरीत उतरतोत. वाटीनं घागर भरतोत. गेल्या साली पार्वतम्माचा पाय घसरला, खुबा मोडला. अजून बाजंवर हाय ती. आन् सप्टेंबरात ढगफुटी झाली, तवा तीच हीर गाळानं बुजली. गाळ कुणी काढला? चार दिस पाट्या कुणी वाहिल्या? पाऊस कमी-जास्त झालेला तुमाला टीव्हीवर कळतोय, आमाला हिरीत उतरल्यावर कळतोय. आन् हवामानाचं बायास्नी काय कळतंय म्हणताव!

न्हाय, म्या वरडंना… बरं, वरडायले. वरडते!

थांबा… दुसरा नंबर आला. पयला मेला का?… मरू द्या.

काय?… ठराव झालाय? कशाचा?… महिला सभेचा? कवा झाली महिला सभा?… बेचाळीस बायांच्या सह्या? तारीख काय हाय?… पुन्ना सांगा… वीस जानेवारी?

अवो, त्या दिशी तुमच्या घरी हळदी-कुंकू व्हतं!

सभा कुठली, भावजी? माझ्या जावंनं ओसरीत स्टीलचे डबे वाटले, आन् तुमी दारात रजिस्टर घेऊन बसलाव. म्हणलाव, डबा मिळाला म्हणून सही करा… हां, त्याच सह्या! आमी वाण घ्यायला आलो आन् तुमी सभा उरकून घेतली!… माझी बी सही हाय. ठाव हाय मला. वर काय लिवलंय ते बघितलं न्हाय म्या, डब्याचं झाकण नीट बसतंय का तेच बघत व्हते. लाज वाटायली मला त्याची. तुमाला वाटायली का?

विषय नका बदलू.

पाचला कॉम्प्युटरवर आराखडा घ्यायचं बंद व्हतंय? आता किती वाजलेत?… सव्वाबारा… व्हय, कळतंय मला. गावाला काईच मिळणार न्हाय, आन् नाव माझं व्हईल. भ्या वाटतंय, भावजी, खोटं कशाला बोलू. उद्या समदे म्हणतेल, बाईला अध्यक्ष केलं आन् घालवलं. पण हा नंबर सांगितला, तर मे महिन्यात त्या हिरीत पुन्ना कोण उतरंल? तुमी?

पुढच्या साली घालू?… पुढच्या साली अध्यक्ष कोण असंल, आन् हीर कुणाला आठवंल? आताच्या आता घाला… तुमच्या हातात न्हाय? शिवणयंत्र घालताना हातात व्हतं की!

कुणाला सांगताव? दादाला? आमच्या मालकास्नी?… सांगा की. लावा त्यास्नी फोन. म्या कुठं नको म्हणले? पण नंबर त्यांच्या फोनवर येत न्हाय.

काय करायचं, ते म्या सांगते. तुमी थितंच बसा. म्या येते… व्हय, धाराशिवला. तेरला जाऊन एकची गाडी धरते, दोनच्या आत पोचते. चैताली बी येती. खालच्या वस्तीची हीर पयल्या नंबरला माझ्या डोळ्यांम्होरं लिवायची. चैताली वाचंल, म्या ऐकीन, मग नंबर… बायांची सभा? आजच! ह्या रानात एकोणीस जणी हायत, बाकीच्या वाटंत भेटतेल. खरी सभा घेते आन् खऱ्या सह्या घेऊन येते. एकची चुकली तर दीडची धरते.

चैताली, इळा ठेव गं, बायास्नी हाक मार… न्हाय, तुमाला न्हाय, भावजी.

तिथं मोठे सायेब येऊन बसतेत?… बरंच हाय की, त्यास्नी बी इचारते… बायांना बसायला जागा न्हाय?

नसू द्या. डोक्यावर दोन घागरी घेऊन मैलभर चालतोत आमी. उभं राहायचं भ्या आमाला घालू नका. ठेवते.