प्रवीणच्या नावाची जागा

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं, संगमनेरकडचं. आज्याच्या काळापास्नं आम्ही ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात मी एकतीस वर्सं आया व्हते, बाळंतिनींचं करायचं, लेकरं न्हाऊ घालायची. मालक लवकर गेले. प्रवीण एकुलता एक, त्याला नर्सिंग शिकवलं, तो इकडं परदेशात, वॉटरफोर्डला आला, मागनं त्याची बायको स्नेहल आली, तीबी नर्स. आन् मंग नातीला, रूथला, सांभाळायला मी.

आमच्याकडं रोज सांजच्याला जेवायच्या आधी प्रार्थना, आन् ती माझ्याकडं. नावं घ्यायची ठरल्याली, आधी आमच्या चर्चचे पाळकसाहेब, मंग गावाकडची, मंग प्रवीण, स्नेहल, रूथ. प्रवीणच्या नावाला एक जोडूनच असायचं, देवा, त्याची गाडी सांभाळ. तो डोळे मिटूनच हसायचा, म्हनायचा आई, देवाला एकदा सांगितलं तरी ऐकू जातं.

जानेवारीत गेला तो. गाडीत न्हाई, रस्त्यावर न्हाई. घरी, बुटाची नाडी बांधता बांधता छाती धरून बसला, तो बसलाच. एक्केचाळीस वर्सांचा.

हितली रीत अशी ताई, मयताची पेटी घरात ठेवत्यात, उघडी, दोन दिवस. शेजारची ब्रायडी, माझ्याच वयाची, सँडविचचं ताट घेऊन आली आन् तिनंच चहाचं सगळं हातात घेतलं. गल्लीतले लायनीनं यायचे, हात धरायचे, सॉरी फॉर युवर ट्रबल म्हनायचे. मला इंग्रजी कुठलं? हितं जो तो ग्रँड म्हनतो तेवढं येतं, म्हनून मी ग्रँड, ग्रँड म्हनत राहिले. पोराच्या पेटीपाशी बसून सगळ्यांना झकास चाललंय म्हनून सांगत व्हते. नंतर कळलं, तरी लाज वाटली न्हाई. काहीच वाटलं न्हाई.

ब्रायडी कॅथलिक, तिनं एक कार्ड दिलं, त्याच्या नावानं तिच्या चर्चात मिस्साची प्रार्थना व्हनार म्हने. आमच्यात गेलेल्यासाठी प्रार्थना करत न्हाईत, तो देवापाशी पोचला, आता मागायचं काय? पन तिचं मन मोडवंना, ठेवून घेतलं.

माती देऊन तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो. मी डोळे मिटले, पाळकसाहेब झाले, गावाकडची झाली, आन् जीभ सवयीनं बोलून गेली, देवा, प्रवीणची गाडी सांभाळ. डोळे उघडले तं स्नेहलची खुर्ची रिकामी, बाथरूमात नळ सोडलेला. रूथ म्हनाली, आजी, ही इज डेड. रागानं न्हाई, पाढा चुकल्यावर सांगावं तसं.

तवापास्नं स्नेहल किचनमधी उभ्यानंच खायची. म्हनाली आई, तुम्ही करा प्रार्थना, मला न्हाई बसवत. काय सांगू तुम्हाला, त्याचं नाव सोडलं तर माझा घास उतरंना, घेतलं तर सून उठती, आन् एका घरातली मानसं एका ताटाला बसंनात, मंग ती प्रार्थना कशाची? मी नुसती डोळे मिटून बसायची आन् आमेन म्हनायची. रडू अजून आलं न्हाई मला. देवावर राग, तोबी न्हाई. आतमधी सगळं भूल दिल्यावानी. लोक देवाचं सामर्थ्य म्हनत्यात, मला एवढंच दिसतं, सकाळी पाय जमिनीला लागत्यात, रूथचा डबा व्हतो. देवाशिवाय कोन करवून घेईल हे माझ्याकडून?

मागल्या म्हैन्यात स्नेहल परत ड्युटीवर लागली. गाडी तिला नीट येत न्हवती, पन गाडीबिगर जानार कशी? पहिल्या दिवशी सांजच्याला आली ती कोट अंगावर ठेवूनच किचनमधी उभी. मी रूथला घेऊन बसले. पाळकसाहेब झाले, गावाकडची झाली, आन् थांबले. ताटातलं मटन निवत व्हतं. मंग म्हनले, देवा, स्नेहलची गाडी सांभाळ.

स्नेहलची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले न्हाईत, पुढं रूथचं नाव घेतलं.

आता रोज तसंच. त्याचं नाव घेत न्हाई, तो पोचला. रस्त्यावर ती हाये. देव तिला सांभाळो, तुम्हालाबी सांभाळो, ताई.