अण्णांचा राउटर

पासवर्ड विसरणारे लई पाहिले राव, पण पासवर्डावर स्वस्तिक काढणारे फक्त आमचे अण्णा!

आळेफाट्याला त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. शेजारचा हॉटेलवाला त्यांचं वायफाय फुकट वापरायचा, म्हणून सेटिंग बदलायला त्यांनी मला बोलावलं. सेटिंग उघडायचा पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो. मी राउटर उलटा केला, तर पासवर्डावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक!

"वर काढलं असतं तर राउटरचे दिवे झाकले गेले असते," अण्णा म्हणाले.

"मग पुसू का?"

"पूजेचं पुसत्यात व्हय? थांब जरा."

अण्णांनी खिडकीतून हाक मारली, "ओ हॉटेलवाले! दसऱ्याआधी राउटरच्या बुडावरनं तुमी लिहून घेतलेला आमचा पासवर्ड सांगा. तुमचं वायफाय बंद करायचंय!"