पायातली नस

बायको : डोळ्यांवरची पट्टी वर सरकवू नका. हे कोणतं?

मास्तर : रेशीम.

बायको : आणि हे?

मास्तर : पॉपलीन. कोरं आहे, अजून पाण्यातून काढलेलं नाही.

बायको : बरोबर. आपलं दुकान विकत मागतोय त्या शिंप्याला उद्याच सांगते, द्यायचं नाही म्हणून.

मास्तर : सांगू नकोस.

बायको : का? सगळी कापडं ओळखलीत की.

मास्तर : कानानं ओळखली. रेशीम सळसळतं, पॉपलीन करकरतं. जन्म गेला माझा त्यात. बोटांना काहीच कळलं नाही.

बायको : म्हणजे महिनाभर मला बनवलंत?

मास्तर : तू खूश व्हायचीस गं. तेवढ्यासाठी.

बायको : माझी खुशी गेली खड्ड्यात. मनगटावर काच पडून स्पर्शाची नस तुटली त्याला वर्ष झालं. डॉक्टरीणबाईंनी पोटरीतली नस काढून तिथं जोडली. तुमच्या पावलाची कड बधिर झाली, ती कायमचीच. एवढं सगळं कशासाठी केलं मग?

मास्तर : ती जोडलेली नस म्हणजे नुसती वाट, असं म्हणाल्या त्या. हातातली नस त्या वाटेनं मुंगीच्या पावलानं पुढं सरकते. बोटापर्यंत पोचली तर पोचली.

बायको : आणि नाही पोचली तर?

मास्तर : तर दुकान त्याचं. सुई कुठं आहे ते डोळ्यांनी शोधत बसणारा शिंपी काय कामाचा?

बायको : असं बोललात की मला भीती वाटते.

मास्तर : मलाही वाटते. म्हणून तर खोटं बोललो.

बायको : द्या तो हात. हे शेवटचं. कापड मी हलवणार नाही, म्हणजे तुमच्या कानांची लबाडी चालायची नाही. नुसतं बोट टेकवा. आता दाबा.

मास्तर : काही नाही.

बायको : अजून जरा दाबा.

मास्तर : कळत नाही गं. सोड आता... थांब.

बायको : काय झालं?

मास्तर : टोचतंय.

बायको : कुठं?

मास्तर : अंगठ्याशेजारच्या बोटाला. अगदी टोकाशी.

बायको : बघू. काच पडली त्या दिवशी अर्धा राहिलेल्या कोटाची बाही आहे ही. तुम्हीच लावलेली टाचणी राहिली असणार आत. अगं बाई, रक्त आलंय. काढा बोट.

मास्तर : राहू दे गं. जरा वेळ राहू दे तिथंच.