जाजमावरचं विमान

...आन वरून मलाच इचारतेत, "सुंदरराव, तुमाला डोळे न्हाईत का वो?" हायेत की! दोन हायेत, आन दोन्हीनं बघितलंय! उडतं! खालची जमीन मागं पळू द्या न्हाई तर खड्ड्यात जाऊ द्या, विमान उडतं म्हंजी उडतं! पर हे तुमाला सांगतोय, हितं, तलवाड्यात, दार लोटून. शिरूरात तोंडातून काढायचो न्हाई. कावून? आवो, पोरीचा बाप हाय मी! पोरीच्या बापानं काय म्हणायचं आसतंय? व्हय म्हणायचं!

तुमाला सांगतो काय झालं. आमच्या चतुरेची सुपारी फुटायची होती. शिरूर कासारचं ठिकाण. व्याही आप्पाराव, लई बडा आसामी, मिशा अशा की लिंबू ठिवा. पोरगा गुणाचा, आन चतुरेच्या मनात भरलेला. तिनं काय तोंडानं सांगितलं न्हाई, पर पाव्हणे यायच्या दिवशी सारवलेलं अंगण पुन्यांदा सारवाया लागली, तवा बापाला कळत न्हाई व्हय? आता ह्याच्या आधीची दोन ठिकाणं मोडलेली. एक मोडलं ज्वारी गोड का बाजरी गोड ह्याच्यावरनं, दुसरं गोदावरीला पाणी जास्त का सिंदफणेला ह्याच्यावरनं. दोन्ही वक्ताला खरं माझंच होतं बरं का! पर खरं घिऊन काय चाटायचंय? पोरगी घरातच न्हायली ना!

म्हणून आमची कारभारीण, वच्छलाबाई, तिनं मला सकाळीच देवापुढं उभा केला. "हात ठिवा भंडाऱ्यावर. आज पाव्हणा काय बी म्हणू द्या, दिवस मावळतीला उगवतो म्हणला तरी, व्हय म्हणायचं!" ठिवला हात.

आले पाव्हणे. अंगणात जाजम हातरलेलं, लांबलचक, लगनात पंगतीला हातरतेत तसलं. आप्पाराव मधोमध बसले मांडी घालून. आन त्यांच्यात रीत अशी, की सुपारी फुटल्याबिगर वरबाप जाजमावरनं उठत न्हाई. उठला म्हंजी सोयरीक मोडली! बसल्या बसल्या सुरू. "तुमच्याकडचं पाणी मचूळ हाय." म्हणलं, व्हय. "तुमची बैलं बारकी हायेत." माझी बैलं? पोळ्याला गावात पयला मान हाय त्यांचा! पर म्हणलं... व्हय. पोरीचा बाप हाय मी, व्हय म्हणायचं!

समदं सुरळीत चाललं होतं वो! तेवढ्यात बोलला आमचा मेव्हणा. राधाकिशन. हैद्राबादेत नवकरीला, डोक्यावर लाल रुमी टोपी, आन बोलणं तर असं की जसा निजाम ह्याला इचारल्याबिगर जेवतच न्हाई. "जनाब, बेगमपेठेच्या माळावर म्या विमान बघितलं! फुडं हा एवढा पंखा! आधी घोड्यावानी जमिनीवर पळतंय, पळतंय, पळतंय... आन मंग भुर्रर्र!"

तर आप्पाराव मिशीवर हात फिरवून म्हणतेत, "आन जमीनच मागं पळाली तर?" म्हणलं, आं? "आमच्या सिंदफणेच्या वाळूत गाडी घातली की चाक फिरतंय, वाळू मागं सरकती, गाडी हाय तिथंच. तसं विमान जेवढं फुडं पळंल तेवढी खालची जमीन मागं पळाली, तर विमान काय करंल? हाय तिथंच! उडायचं न्हाई! काय व्याही?"

आता व्हय म्हणायचं का न्हाई? एवढासा शबूद! ताटात नारळ, सुपारी, समदं तयार. दाराआडनं बांगड्या वाजल्या, म्हंजी कारभारीण सावध झाली. जीभ दातात धरली, खरं सांगतो, रगत यायची येळ आली... आन सुटली! "आवो व्याही, गाडीला बैल वढतेत, बैलाचे पाय जमिनीवर! विमानाला पंखा वढतोय, आन पंख्यानं धरलाय वारा! खालची जमीन कुठं का मरंना, वाऱ्याला काय त्याचं?"

झालं!

आप्पाराव म्हणले, "आसं? मंग दावा करून!"

आन मग काय, रिकामं गाव, तमाशाला तयारच! शेजारच्या छबुबाईचा पांगुळगाडा आणला, लेकरं चालाया शिकतेत तो तीन चाकांचा. हे विमान. जाजम ही पळती जमीन. गाडं जाजमावर, आप्पारावांच्या फुडं ठिवलं, दोरी बांधली, आन राधाकिशन जाजमाच्या बाहीर, फुडं, दोरी धरून उभा. तो पंखा आन दोरी वारा. आन विमानात साहेब पायजे का न्हाई? तर त्या येड्यानं ताटातला शकुनाचा नारळ उचलून गाड्याला बांधला! नारळ फुटला तर? आतून कारभारणीचा आवाज, "आगं माय माय माय!"

म्हणलं, "व्याही, उठा तेवढं, जाजम वढायचंय." तर म्हणतेत, "सुपारी फुटल्याबिगर म्या उठत नसतो!" मंग म्हणलं बसा!

शिरूरच्या पाव्हण्यांनी मागनं जाजम धरलं. आन मी, तुमाला खोटं सांगत न्हाई, आयुष्यात पयल्यांदा मनात म्हणलं, देवा, मला खोटा पाड! उलटं कर ते गाडं! जागच्या जागी खिळव!

"वढाऽऽ!"

जाजम निघालं मागं, गाडं निघालं फुडं! चाकं अशी गरगर फिराया लागली की काय दिसंना, पर गाड्याला काय बी फरक न्हाई वो! खडखडखडखड... नारळ आला थेट माझ्या पायापशी, साहेबावानी! आन आप्पाराव? तेवढ्याच जोरात मागं! मांडी मोडली न्हाई पठ्ठ्यानं! पागोटं एकीकडं, मिशा एकीकडं, बसल्या बसल्या अंगणातून निघाले ते कवाडातून बाहीर, थेट रस्त्यावर!

लोकं हसाया लागली, आन मला रडू फुटायची येळ. दारात चतुरा उभी. तिनं माझ्याकडं बघितलं फकस्त.

रस्त्यावरनं आवाज आला, "व्याहीऽ! उडालं का?"

समदं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. पायापशी नारळ. म्या नारळ उचलला, कवाडापतूर गेलो, आन म्हणलो, "न्हाई उडालं व्याही. तुमचंच खरं."

"आसं म्हणा की! आणा सुपारी!"

फुटली सुपारी, भर रस्त्यात. का, तर जाजम तिथंच होतं ना!

पोरगी सुखात हाय, काय कमी न्हाई. पर तवापसून मुलूखभर नाव झालं माझं, डोळ्यादेखत बघून बी न्हाई म्हणणारा सुंदरराव! म्हणू द्या. पर मागच्या म्हयन्यात शिरूरला गेलतो, व्याह्याच्या वट्ट्यावर बसलतो, आन वरून घर्रर्र आवाज. बघतो तर विमान! खरंखुरं! आप्पारावांनी डोळ्यावर हात धरून लई येळ बघितलं. मंग माझ्याकडं वळले. म्हणले, "काय हाय वो व्याही ते?"

आत चतुरा भाकरी थापत होती. थापायची थांबली.

म्हणलं, "घार हाय."

"पंख हालवीत न्हाई ती."

म्हणलं... "दमली आसंल, व्याही."